‘घरचाच माणूस आणा’ म्हणणाऱ्यांनो, युनायटेडने जिंकलेल्या लीगची यादी एकदा उघडा

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मॅनेजरची खुर्ची जरा हलली की एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड फिरायला लागतो. लाल बॅकग्राउंड, च्युइंगम चघळणारा फर्ग्युसन (क्लबचा सगळ्यात यशस्वी जुना मॅनेजर), खाली सहा मुद्दे. इतके दिवस मी तो बघून पुढे जायचो. पण या वेळी तो थेट घरच्या ग्रुपवर आला, टाकला कोल्हापूरच्या दाजींनी, वर ‘१०१ टक्के सत्य’ असं लिहून, आणि त्याखाली आमच्या बाबांचा अंगठा. आता दाजींना चारचौघांत उलट उत्तर द्यायचं म्हणजे पाच मिनिटांत ताईचा फोन येणार, म्हणून इथे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा. एक, युनायटेडला मोठं केलं ते नेहमी घरच्या माणसाने, म्हणजे क्लबकडून खेळलेल्याने, त्याशिवाय या क्लबने कधीच लीग, म्हणजे इंग्लंडची सीझनभर चालणारी मुख्य स्पर्धा, जिंकलेली नाही, म्हणून पुढचा मॅनेजर माजी खेळाडूच हवा. दोन, बार्सिलोनात पेप ग्वार्डिओला, रियल माद्रिदमध्ये झिदान, आर्सेनलमध्ये आर्टेटा, माजी खेळाडूच मॅनेजर, सगळीकडे हेच चाललंय. तीन, फर्ग्युसनला साडेतीन वर्षं एक ट्रॉफी नव्हती तरी वेळ दिला, तसा वेळ दिला की कोणीही जिंकतो. चार, परदेशी मॅनेजरला इंग्लिश फुटबॉल झेपत नाही. पाच, ड्रेसिंग रूम फक्त आपल्यातल्याच माणसाचं ऐकते. सहा, ज्याला हे पटत नाही तो प्लास्टिक फॅन, म्हणजे नकली चाहता.

पहिला मुद्दा वाचून मला खरंच कळेना की लिहिणाऱ्याने युनायटेडच्या इतिहासाचं एक पान तरी उलटलंय का. क्लबने लीग जिंकली २० वेळा. हे काही गुपित नाही, क्लबच्या साईटवर यादी आहे, कुठल्याही पोराला दोन मिनिटांत सापडेल. अर्नेस्ट मँगनॉलच्या हाताखाली २, मॅट बस्बीच्या हाताखाली ५, फर्ग्युसनच्या हाताखाली १३. झाली बेरीज. आणि या तिघांपैकी एकही जण युनायटेडकडून एकही मॅच खेळलेला नाही! २० च्या २० लीग बाहेरच्या माणसांनी आणल्या. मेसेज म्हणतो ‘कधीच नाही’ आणि यादी म्हणते ‘दर वेळी’. इतकं उलटं लिहायला पण कसब लागतं राव.

आणि बाहेरचा म्हणजे किती बाहेरचा ते पण बघा. बस्बी खेळाडू म्हणून होता मँचेस्टर सिटीचा. १९३४ साली सिटीने एफए कप (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा) जिंकला त्या टीममध्ये तो होता. तिथून गेला लिव्हरपूलला, तिथे कॅप्टन झाला. म्हणजे आज ज्या दोन क्लबांचं नाव काढलं तरी युनायटेडवाल्यांचं डोकं फिरतं, त्या दोन्ही क्लबांचं मीठ खाल्लेला माणूस. लिव्हरपूल त्याला आपल्याकडेच कोचिंगमध्ये ठेवायला तयार होतं, पण त्याला टीम निवडण्यापासून खेळाडू घेण्या-विकण्यापर्यंत सगळे अधिकार स्वतःच्या हातात हवे होते, ते द्यायला युनायटेड तयार झालं, म्हणून १९४५ मध्ये तो इकडे आला. क्लबची अवस्था काय होती? ओल्ड ट्रॅफर्डवर १९४१ मध्ये जर्मन बॉम्ब पडलेले, स्टँड उद्ध्वस्त, होम मॅच खेळायच्या कुठे तर सिटीच्या मेन रोडवर, ते पण १९४९ पर्यंत. त्या काळात हा फॉरवर्ड असता तर पहिला शिक्का बस्बीवर बसला असता, ‘सिटीचा माणूस, आपलं काय भलं करणार’. त्याने ५ लीग दिल्या, १९५८ च्या म्युनिकच्या विमान अपघातातून स्वतः मरता मरता वाचला आणि १० वर्षांनी, १९६८ ला, युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, आणला.

मँगनॉलची गंमत तर आणखीनच. १९०८ आणि १९११, क्लबच्या पहिल्या दोन्ही लीग त्याच्या, मधे १९०९ चा एफए कप, आणि १९१२ मध्ये साहेब गेले कुठे, तर सिटीला. पहिली लीग देणारा सिटीत गेला आणि पुढची देणारा सिटीकडून खेळलेला. आणि आपण ग्रुपवर बसून ‘घरचं रक्त, घरचं रक्त’.

बरं, घरचा माणूस युनायटेडने ट्रायच केला नाही असं पण नाही. बस्बीनंतर १९६९ ला विल्फ मॅकगिनेस आला. मँचेस्टरचाच पोरगा, बस्बीच्याच तालमीत वाढलेला, पाय मोडून खेळाडू म्हणून करिअर संपलेलं, मग क्लबमध्येच कोच. याच्यापेक्षा घरचा माणूस आणायचा कुठून? वय ३१, टीममध्ये त्याच्यापेक्षा मोठे खेळाडू, त्यातले कितीतरी त्याच्याबरोबर खेळलेले. डिसेंबर १९७० मध्ये त्याला काढला आणि बस्बीला परत बोलवावं लागलं. पाचव्या मुद्द्याचं उत्तर पण यातच आलं म्हणून त्यावर वेगळं लिहीत नाही. काल ज्याच्या शेजारी बसून बूट बांधले त्यालाच आज बेंचवर बसवायचं, हे आपल्या माणसाला सोपं नाही, उलट जास्त अवघड जातं.

आता सोल्शार, युनायटेडचाच माजी खेळाडू. इथे दाजींना थोडं द्यावं लागेल, मनात नसलं तरी. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचा मॅनेजर मोरिन्योला काढलं तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये नुसता धूर होता, तो सोल्शारने घालवला हे खरं आहे. काळजीवाहू म्हणून १९ मॅचमध्ये १४ जिंकल्या, पॅरिसला जाऊन तिथल्या पीएसजी क्लबला ३-१ हरवलं ती रात्र कोण विसरेल, मी पण ओरडलोच होतो, शेजारचे काका उठून आले होते. २०२०-२१ ला दुसरा नंबर, ७४ पॉइंट, हे पण मान्य. पण त्या पीएसजीच्या रात्रीच्या धुंदीत मार्चच्या शेवटी त्याला कायम केला आणि त्या सीझनच्या उरलेल्या १० मॅचमध्ये जिंकल्या फक्त २. हडर्सफील्डशी ड्रॉ, शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर कार्डिफकडून ०-२, दोन्ही टीम त्याच वर्षी रेलिगेट झालेल्या, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेल्या. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर लिव्हरपूलकडून ०-५, नोव्हेंबरमध्ये वॉटफर्डकडून १-४ आणि दुसऱ्या दिवशी घरी. माणूस चांगला होता, आजही कोणी त्याला शिव्या देत नाही. पण त्याच्याकडे आधीचं काम काय होतं, तर नॉर्वेत मोल्डे आणि एक कार्डिफ, जी टीम त्याच्याच हाताखाली प्रीमियर लीगमधून खाली गेली होती. माजी खेळाडू नसता तर त्याचा बायोडेटा कोणी वाचला तरी असता का?

म्हणूनच दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे आणि अर्धा खरा असल्यामुळेच डोक्यात जातो. हो, पेप बार्सिलोनाचा. पण त्याला मेन टीम दिली त्याच्या आधी एक वर्ष तो बार्सिलोनाची बी टीम खालच्या डिव्हिजनमध्ये सांभाळत होता आणि ती त्याने वर आणली होती. झिदान आधी रियलमध्ये मॅनेजर अँचेलोटीचा असिस्टंट, मग रियलच्या बी टीमचा, कॅस्टियाचा कोच, मग मेन टीम. आर्टेटा साडेतीन वर्षं सिटीत पेपच्या शेजारी बसून शिकला. बॉब पेझलीचं उदाहरण मेसेजमध्ये नाहीये, खरं तर तेच यांचं सगळ्यात भारी उदाहरण होतं, पण तेवढा अभ्यास कोण करतो. लिव्हरपूलकडून खेळला, मग तिथेच फिजिओ, मग कोच, आणि १९७४ ला मॅनेजर झाल्यावर ९ वर्षांत ६ लीग आणि ३ युरोपियन कप. पण बघा ना, खेळणं थांबल्यापासून मॅनेजर होईपर्यंत मधे वीस वर्षं काम शिकला तो.

आणि क्लबकडून खेळला एवढ्याच, नुसत्या जर्सीच्या पुण्याईवर बसवलेल्यांची नावं मेसेजमधून सोयीस्कर गायब आहेत. पिर्लोला युव्हेंटसने २०२० मध्ये आधी अंडर-२३ टीमचा कोच म्हणून जाहीर केलं आणि दीड आठवडा व्हायच्या आत मेन टीम हातात दिली, सलग ९ वेळा लीग जिंकलेला क्लब त्या वर्षी चौथा आला. शिअरर २००९ ला न्यूकॅसल वाचवायला आला, ८ मॅच, एक विजय, टीम रेलिगेट. लॅम्पार्डला चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये काढलं, टुखेल आला, ज्याचा चेल्सीशी काडीचा संबंध नव्हता, आणि चार महिन्यांत तीच टीम चॅम्पियन्स लीग जिंकली.

तिसरा मुद्दा, वेळ द्या. हा सगळ्यात लाडका. १९८९-९० मध्ये फर्ग्युसनची टीम १३ वी आली, सप्टेंबरमध्ये सिटीकडून १-५ हरली, ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने जावं म्हणून बॅनर लागला, हे सगळं खरं. जानेवारीत एफए कपमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला मार्क रॉबिन्सच्या गोलवर हरवलं आणि तो कप युनायटेडने जिंकला, ते पण खरं. पण बोर्डाने त्याला वेळ दिला तो काय अंगठी-ताईत बघून? हा माणूस आला तेव्हा ॲबर्डीनला ३ स्कॉटिश लीग देऊन आला होता, तेही सेल्टिक आणि रेंजर्सच्या नाकावर टिच्चून, आणि १९८३ ला युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलमध्ये रियल माद्रिदला हरवून. नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेड २१ व्या नंबरवर होतं ते त्याच्या पहिल्या पूर्ण सीझनमध्ये दुसरं आलं. म्हणजे विश्वास ठेवायला कारण होतं. ते कारण गाळून नुसता ‘वेळ’ उचलायचा, ही लबाडी आहे.

वेळ तर फर्ग्युसननंतर आलेल्या मॉइजला पण द्यायचा होता की, ६ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट! निवडला कोणी? स्वतः फर्ग्युसनने, म्हणजे घरच्यात घरच्या माणसाने. १० महिन्यांत गेला. पुढे मॅनेजर झालेल्या टेन हागचं तर आणखी भारी. २०२३-२४ ला आठवा नंबर, त्यावर एफए कप जिंकला म्हणून जुलै २०२४ मध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढवलं आणि ऑक्टोबरमध्ये हाकललं. त्याला आणि त्याच्या स्टाफला काढायचा खर्च १ कोटी ४ लाख पाउंड, क्लबच्याच हिशोबात आहे. त्याच वर्षी क्लबने खर्च परवडत नाही म्हणून अडीचशे नोकऱ्या कमी केल्या. सीझनच्या मधेच अमोरीमला आणला आणि तो सीझन संपला १५ व्या नंबरवर. या मेसेजचा मला राग येतो तो इथे. मॅनेजर निवडणारे, कॉन्ट्रॅक्ट वाढवणारे, तीन महिन्यांत शब्द फिरवणारे लोक वर एसी बॉक्समध्ये बसलेत, मालक ग्लेझर आहेत, भागीदार रॅटक्लिफ आहे, त्यांच्याबद्दल सहा मुद्द्यांत एक ओळ नाही. सगळा दोष काय तर मॅनेजर बाहेरचा होता.

चौथा, परदेशी. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हापासून २०२५ पर्यंत एकाही इंग्लिश मॅनेजरने ती जिंकलेली नाही. एकानेही नाही. फर्ग्युसन आणि डॅल्गलिश स्कॉटिश, बाकी वेंगर, मोरिन्यो, अँचेलोटी, मँचिनी, पेलेग्रिनी, रानिएरी, कॉन्टे, पेप, क्लॉप, स्लॉट. पुढे बोलायची गरज आहे?

दाजींनी फॉरवर्डखाली स्वतःची एक ओळ जोडली होती, ‘आपल्या पेठेत बाहेरचा चालतो का बघ’. दाजी, चालतो की. शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमकडून परदेशी पोरं खेळली तेव्हा त्यांच्या गोलवर गॅलरीत सगळ्यात जास्त कोण नाचत होतं ते ताईला विचारू का?

सहावा मुद्दा मी सोडून देणार होतो, पण त्याच ग्रुपवर भाच्याने, दाजींच्याच पोराने, नववीत आहे, साधा प्रश्न विचारला, ‘पण फर्ग्युसन स्वतः युनायटेडकडून खेळला होता का?’ त्यावर एका काकांनी लिहिलं ‘प्लास्टिक’ आणि तीन जणांनी हसायचे इमोजी टाकले. अरे, अख्ख्या ग्रुपमध्ये एकाच माणसाने योग्य प्रश्न विचारला आणि त्यालाच गप्प केलं. क्लबने शेवटची लीग जिंकली २०१३ ला, तेव्हा हा पोरगा धड चालत पण नव्हता. एकही लीग न बघता तो पहाटे दीडला उठून मॅच बघतो, आणि प्लास्टिक कोण, तर तो.

माझं माजी खेळाडूंशी वैर नाही. नाव सुचवा ना, पण त्याच्यापुढे कामाचा हिशोब लिहा. उदाहरणार्थ युनायटेडचा माजी खेळाडू कॅरिक, त्याची बाजू घ्यायची असेल तर तो २००८ ला चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या टीममध्ये होता हे नका सांगू. दुसऱ्या डिव्हिजनमधल्या मिडल्सब्रोला त्याने २१ व्या नंबरवरून चौथ्यावर नेलं हे लिहा, आणि पुढच्या दोन सीझनला आठवा आणि दहावा आला आणि जून २०२५ मध्ये त्यांनी काढला, हे पण त्याच मेसेजमध्ये लिहा. मग मी ग्रुपवर येतो भांडायला, ताईचा फोन आला तरी चालेल.