मंजुरीसाठी सादर

मुलीच्या टॅबवर पालक-नियंत्रणाचे अ‍ॅप बसवल्यापासून घरात माझी बढती झाली असून मी आता मंजुरी अधिकारी आहे. तिला एखादे नवे अ‍ॅप हवे असले किंवा अडवलेली वेबसाइट उघडायची असली, की माझ्या फोनवर विनंती येते आणि तिच्याखाली ‘परवानगी द्या’ आणि ‘नाकारा’ अशी दोन बटणे असतात. अधिकार मिळाला की काम कमी होते, असा कचेऱ्यांकडे पाहून झालेला माझा समज होता. तो पार खोटा ठरला, कारण अर्जदार बारा वर्षांची असून तिच्या शंकांना सुट्टीचा वार नसतो.

या विनंत्या नेमक्या मी मीटिंगमध्ये असताना येतात. साहेब तिमाही आकड्यांविषयी गंभीर चेहऱ्याने बोलत असताना फोन थरथरतो आणि ऑक्टोपसविषयीचे एक पान माझ्या मंजुरीसाठी खोळंबले असल्याचे कळवतो. न वाचता मंजुरी देणे जबाबदार पालकाला शोभत नाही आणि न वाचता नाकारणे तर परवडतच नाही, कारण संध्याकाळी ‘का नाकारलंत?’ या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावे लागते. म्हणून मी फोन टेबलाखाली धरून ते पान वाचतो. ऑक्टोपसला तीन हृदये असतात, त्यांतली दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, उरलेल्या शरीराला रक्त पुरवणारे तिसरे हृदय तो पोहू लागला की थांबते आणि म्हणून तो पोहण्यापेक्षा सरपटणेच पसंत करतो, एवढे वाचून होईपर्यंत साहेबांनी मला काहीतरी विचारलेले असते. गेल्या काही महिन्यांत माझे सामान्यज्ञान फार वाढले आहे. कार्यालयातल्या प्रगतीविषयी तसे म्हणता येणार नाही.

पान अडवायचे की नाही, हे आधी अ‍ॅप ठरवते आणि त्याची अक्कल हा स्वतंत्र विषय आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला फुलझाडांच्या प्रजननाची माहिती हवी होती. पाकळ्या, पुंकेसर आणि परागकण यांखेरीज त्या पानावर काही नव्हते, पण इंग्रजी मथळ्यातला एक शब्द पाहून अ‍ॅपने ते ‘प्रौढांसाठी’ ठरवले आणि जास्वंदीच्या फुलाला माझ्यासमोर संशयित म्हणून उभे केले. त्याच संध्याकाळी एका व्हिडिओत, गाडीला गाडी घासली म्हणून, एक गृहस्थ दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा अस्सल मराठीत उद्धार करत होते; तो मात्र निर्वेध चालू होता. हा रोग जुनाच आहे म्हणा. 1996 साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या अमेरिकी इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात एक असभ्य शब्द दडलेला होता आणि तो एओएलच्या यंत्रणेने बरोबर हुडकून काढला होता.

बायकोचे म्हणणे असे, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा पोरीच्या शेजारी जाऊन बसावे. ती स्वतः तसेच करते आणि मुलगी तिला सगळे आपणहून दाखवते. बायकोच्या या पद्धतीत बटणे नसल्यामुळे मला ती पुरेशी शास्त्रीय वाटत नाही.

मध्यंतरी घरच्या संगणकावर मला त्या दुपारचा ब्राउझरचा इतिहास कोरा करकरीत आढळला. नको ते दिसण्यापेक्षा काहीच न दिसणे बापाला अधिक भयंकर वाटते, कारण कोऱ्या जागेत तो आपल्या मनातले सगळे भरू लागतो. रात्रभर ते भरून झाल्यावर मी सकाळी आडवळणाने विचारले, ‘‘काय मग, इंटरनेटवर काही विशेष?’’

‘‘आईच्या वाढदिवसाला काय द्यायचं ते शोधत होते, म्हणून इन्कॉग्निटो वापरलं. हा कॉम्प्युटर आईपण वापरते ना,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘आणि बाबा, त्यानं फक्त याच्यावरचा इतिहास राहत नाही. त्या वेबसाइटला आणि आपल्या इंटरनेट कंपनीला कळायचं ते कळतंच. तुम्हाला काय वाटलं, मी अदृश्य होते?’’

खरे प्रकरण पेटले ते समाजमाध्यमावर खाते उघडण्यावरून. वर्गातल्या निम्म्या मुलींची खाती आहेत, हा युक्तिवाद मी ‘13 पूर्ण झाल्याशिवाय नाही’ या एका वाक्यात निकालात काढला. तेराच का, या प्रश्नावर ‘त्या वयात समज येते’ असे ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये एक विनंती आली आणि ती मी वाचून, स्वहस्ते मंजूर केली. त्या पानावर असे होते, की अमेरिकेने 1998 साली केलेल्या कायद्यानुसार 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती कंपन्यांना पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही आणि त्या संमतीच्या भानगडीत पडण्यापेक्षा अनेक कंपन्यांनी त्या वयाच्या मुलांना दारातच थोपवणे पसंत केले.

‘‘म्हणजे मला समज आहे की नाही, याच्याशी त्या तेराचा काही संबंधच नाही,’’ संध्याकाळी सुनावणी सुरू झाली.

‘‘ऑस्ट्रेलियात तर डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखाली बंदीच आहे,’’ मी राखून ठेवलेले अस्त्र काढले.

‘‘तिथल्या मुलांना समज उशिरा येते का?’’

मी विषय माहितीच्या सुरक्षिततेकडे वळवला आणि आपले फोटो, आपली जन्मतारीख परक्यांच्या हाती पडणे किती वाईट, हे बऱ्यापैकी पोटतिडकीने सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि माझाच फोन माझ्यासमोर धरला. मी टाकलेला तिचा पाळण्यातला फोटो, खाली नाव, जन्मवेळ आणि वजन, त्यावर एकशे बारा अंगठे. ‘‘तेव्हा माझं वय किती होतं, बाबा? आणि संमती कोणाची घेतली होतीत?’’

कायद्याने संमती पालकांचीच लागते आणि पालक मीच होतो, हा मुद्दा मला रात्री दिवे मालवल्यावर सुचला. तोपर्यंत वेळ गेलेली होती. काढून टाकायच्या फोटोंची यादी आता तिने दिली आहे. टबमधला फोटो ताबडतोब उडाला. स्नेहसंमेलनात ती गाजर झाली होती तो मी रडून-भेकून वाचवायला पाहिला, पण तोही गेला. पुढचे गुंतागुंतीचे आहे, कारण टबमधला तोच फोटो आत्याने कधीच उचलून आपल्या खात्यावर डकवला आहे आणि दर वाढदिवसाला ती तो नव्याने, गुलाबाच्या चौकटीसह टाकते. ‘‘आत्याशी तुम्हीच बोला,’’ असा निर्णय देऊन मुलगी मोकळी झाली. थोरल्या बहिणीला अशी गोष्ट न दुखावता कशी सांगावी, याविषयी इंटरनेटवर काही सापडते का, ते मी सध्या पाहतो आहे.