कॅन्टीनचे भाडे आणि विद्यार्थ्यांचे ताट

महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात कॅन्टीन शोधायला गेलात, तर ते खर्चाच्या बाजूला सहसा सापडत नाही. ते जमेच्या बाजूला असते. अनामत रक्कम, दरमहा भाडे, वीज आणि पाण्याचे वेगळे बिल, आणि सर्वांत जास्त भाडे देईल त्याला कंत्राट, अशी ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. जागा मुंबईतली, त्यामुळे भाड्याची अपेक्षाही मुंबईचीच. एवढे भाडे भरून ज्याला चार पैसे उरवायचे आहेत, तो माणूस समोसा, मेदूवडा, शेजवान डोसा आणि थंड पेये विकणार हे उघड आहे. वरण-भात-भाजी-पोळीला माणसे जास्त लागतात, उरलेले संध्याकाळी टाकून द्यावे लागते आणि नफा जेमतेम सुटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली कॅम्पसवर जंक फूड नको असे परिपत्रक काढले; पण त्या परिपत्रकामागून एक रुपयाही आला नाही आणि भाडेही कुठे कमी झाले नाही. कंत्राटदाराला नावे ठेवून काही उपयोग नाही. आपण त्याच्याकडून उत्पन्न मागतो आणि तो ते उत्पन्न मुलांच्या खिशातून काढतो.

विद्यार्थ्यांच्या जेवणाचा आणि पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘निधी कुठून आणायचा’ हा. माझे मत असे की निधीचा मोठा भाग आधीच कॅम्पसवर आहे. तो चुकीच्या खात्यात जमा होतो आणि खर्च होतो तेव्हा चुकीच्या गोष्टीवर होतो.

आधी गरज कोणाची आहे ते पाहू. मुंबईतले बहुसंख्य विद्यार्थी वसतिगृहात राहत नाहीत. सकाळी सातच्या तासाला हजर राहण्यासाठी विरार, बदलापूर किंवा टिटवाळ्याहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या मुलीच्या घरी त्या वेळी चूल पेटलेली असतेच असे नाही, आणि दुपारी तिला तिथूनच कामावर जायचे असते. मधल्या वेळेत एक वडापाव आणि कटिंग. शाळेत असताना हिलाच आठवीपर्यंत दुपारचे शिजवलेले जेवण सरकारकडून मिळत होते. आठवीच्या निकालाबरोबर भूकही उत्तीर्ण होऊन जाते, असे काहीसे आपल्या धोरणाने गृहीत धरलेले दिसते. उच्च शिक्षणात जेवणासाठी जी मदत मिळते ती ठरावीक गटांना, आणि शासकीय वसतिगृहाबाहेर ती भत्त्याच्या रूपात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत मुंबईकरिता वर्षाला ३२,००० रुपये भोजनभत्ता आहे. दहा महिन्यांच्या हिशेबाने दिवसाला शंभर रुपयांच्या थोडे वर. या रकमेत दोन वेळचे जेवण आणि नाश्ता बसवायचा, आणि मेसचे पैसे मात्र सत्राच्या सुरुवातीला आगाऊ भरायचे. भत्त्याचा हप्ता आणि मेसची तारीख यांचा मेळ बसला नाही की दोघांत एक डबा सुरू होतो. एका वसतिगृहात मी पाहिलेला तो डबा चार कप्प्यांचा होता. पोळ्या मोजून वाटल्या जात, भात झाकणात काढला जाई आणि भाजीचा कप्पा मधे ठेवून दोघे दोन बाजूंनी खात. याची कुठेही नोंद होत नाही, कारण मेसच्या वहीत एकच ग्राहक असतो आणि त्याचे पैसे भरलेले असतात.

२०१८ च्या फेब्रुवारीत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांनी संप केला, तेव्हा वादाच्या केंद्रस्थानी हीच बाब होती. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या आणि भोजनगृहाच्या शुल्कात मिळणारी सवलत काढून घेण्यात आली होती. प्रवेश मिळाला, शिक्षणशुल्क माफ झाले, तरी जेवणाच्या बिलापाशी शिक्षण अडते, हे त्या संपाने अगदी स्पष्टपणे मांडले.

यावर समाजाच्या दानशूरतेचा दाखला देण्याची आपल्याला सवय आहे. वार लावून, म्हणजे रोज एका ठरलेल्या घरी जेवून, शिकलेल्या मुलांच्या आठवणी मराठीत भरपूर आहेत, पण ती सोय मुख्यतः एका जातीच्या मुलांपुरती होती आणि कोणत्या घरी कोणत्या तोंडाने वाढले जाईल याची शाश्वती नव्हती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, तेव्हा त्यांनी जागा दिली, इमारती दिल्या आणि त्यांच्या जोडीने दरवर्षीचे उत्पन्नही लावून दिले. मला महत्त्वाचे वाटते ते हे शेवटचे. इमारत एकदा होते. आमटी रोज करावी लागते.

एका साध्या थाळीला किती पैसे लागतात, हे सरकारने आपल्यासाठी आधीच काढून ठेवले आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात, अशा थाळीचा शहरी भागातला दर ५० रुपये धरला गेला. त्यातले १० रुपये जेवणाऱ्याने द्यायचे आणि ४० रुपये शासनाने. महागाई वाढली आहे, त्यामुळे आज हा आकडा कमी पडेल, पण हिशेबाची रीत तीच. एखाद्या महाविद्यालयाने दिवसाला १०० थाळ्यांना प्रत्येकी ४० रुपये द्यायचे ठरवले, तर अध्यापनाच्या १८० दिवसांचे ७ लाख २० हजार रुपये होतात. हा आकडा एका कागदावर लिहावा आणि शेजारी स्वतःच्या कॅन्टीनचे वर्षाचे भाडे लिहावे. भाडे सोडून द्यायचे, वीज संस्थेच्या खात्यावर घ्यायची आणि त्या बदल्यात रोज ठरलेल्या संख्येच्या थाळ्या ठरलेल्या दरात द्यायच्या, असा करार केला तर यातला मोठा हिस्सा कोणत्याही देणगीदाराच्या पाया न पडता निघतो. संस्थाचालकांना हा तोटा वाटतो. वाचनालयातून भाडे मिळत नाही म्हणून ते तोट्यात आहे असे कोणी म्हणत नाही.

आता पर्यावरणाची बाजू. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरानिर्माते ठरवले आणि २०१७ मध्ये मुंबई महापालिकेने अशा ठिकाणांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. देवनारची कचराभूमी १९२७ पासून भरत आली आहे आणि २०१६ च्या जानेवारीत ती पेटली तेव्हा धूर साऱ्या शहराने पाहिला, त्यामुळे या सक्तीत चूक काही नव्हती. महाविद्यालयांनी यंत्रे घेतली. काहींना सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून मिळाली, काहींनी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषाकडे पाहून घेतली, कारण त्यात पर्यावरणाचे गुण असतात. उपनगरातल्या एका मेसच्या मागच्या अंगणात असे खत करण्याचे यंत्र मी पाहिले आहे. देणाऱ्या कंपनीची पाटी स्वच्छ पुसलेली, बटणांवरचे मूळचे प्लास्टिक तसेच, आणि झाकणावर कांद्याच्या गोणी रचलेल्या. शेजारच्या निळ्या पिंपातले उष्टे रोज रात्री महापालिकेच्या गाडीत जाते. यंत्र बिघडलेले नाही. ते चालवणाऱ्या माणसाचा पगार कोणत्याच शीर्षाखाली बसत नाही, एवढेच.

बायोगॅसचीही कथा पुष्कळदा अशीच होते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ हे तंत्र ट्रॉम्बेतच घडलेले, डॉ. शरद काळे यांनी ते गावोगाव पोहोचवले, आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासाठी ते उत्तम आहे. पण त्याचे अर्थकारण नीट समजून घ्यायला हवे. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजी. रोजच्या १०० किलो खरकट्यातून आठवड्याला १९ किलोचा एखादा व्यावसायिक सिलिंडर वाचला तर पुष्कळ झाले, आणि त्या बचतीतून यंत्रावरच्या एका माणसाचा पगारही सुटत नाही. ‘प्रकल्प स्वतःचा खर्च स्वतः काढेल’ असे प्रस्तावात लिहिले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही.

उलट तेच १०० किलो अन्न वाया जाऊ दिले नाही तर काय होते ते पाहा. हजार मुलांच्या मेसमध्ये प्रत्येकाने ताटात १०० ग्रॅम, म्हणजे शिवभोजनातल्या एका वाटी वरणाइतके टाकले, की १०० किलो होतात. शिवभोजनाची थाळी ढोबळमानाने ४०० ग्रॅमची धरली तर हे अडीचशे थाळ्यांचे अन्न झाले. प्रत्येक थाळीत कच्च्या मालाचे २५ रुपये जरी धरले तरी दिवसाला सहा हजार रुपये पिंपात जातात. सगळे वाचणार नाही. निम्मे वाचले तरी दिवसाचे तीन हजार. सिलिंडरची बचत याच्या जवळपासही येत नाही. तरीही पैसा यंत्राला मिळतो, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते आणि न टाकलेल्या वरणाचा फोटो निघत नाही.

हे अन्न वाचवायला फारसे तंत्रज्ञान लागत नाही. रात्री कोण जेवणार नाही ते दुपारपर्यंत कळले पाहिजे आणि कळवणाऱ्याला त्या वेळेचे पैसे परत मिळाले पाहिजेत. पहिल्यांदा थोडे वाढून दुसऱ्यांदा मोकळ्या हाताने वाढले पाहिजे. कमी वाढणे आणि कमी देणे यांतला फरक मुलांना लगेच कळतो, आणि बचतीच्या नावाखाली पोळ्या मोजायला सुरुवात झाली तर सगळ्या उपक्रमावरचा विश्वास उडतो. खरी अडचण कंत्राटात आहे. दर माणशी ठरलेला असल्यामुळे वाचलेल्या अन्नाचा सगळा फायदा कंत्राटदाराचा होतो, मग मुलांनी ताट चाटूनपुसून का संपवावे? कच्च्या मालाची खरेदी मेस समितीच्या वहीत दिसली पाहिजे आणि झालेल्या बचतीचा ठरलेला हिस्सा ज्यांना मेसचे शुल्क परवडत नाही त्यांच्या थाळ्यांसाठी वळता झाला पाहिजे. अन्नाची नासाडी आणि अन्नाची उपलब्धता हे दोन विषय दोन वेगळ्या समित्यांकडे देण्याची पद्धत यासाठीच मला चुकीची वाटते. त्यांचा जमाखर्च एकाच वहीत हवा.

बाहेरचा पैसा नकोच असे मी म्हणत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत भूक-कुपोषण निर्मूलन आणि पर्यावरण हे दोन्ही विषय आहेत, आणि चालू प्रकल्प म्हणून मंजूर झालेल्या कामाला पहिले वर्ष सोडून आणखी तीन वर्षे सीएसआरचा पैसा देता येतो. मग कंपनीकडे यंत्र मागण्याऐवजी त्या काळातला माणसाचा पगार मागावा. नंतरसाठी विद्यार्थ्यांची स्वतःची वर्गणी हा मार्ग आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर २००७ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून दर सत्राला प्रत्येकी ५ डॉलरचे शुल्क स्वतःवर लावून घेतले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ‘द ग्रीन इनिशिएटिव्ह फंड’चा पैसा कोणत्या प्रकल्पाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचे बहुमत ठेवले. आपल्याकडच्या पाच हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात वर्षाला ५० रुपये घेतले तर अडीच लाख होतात. यंत्र चालवणाऱ्या एका माणसाचा वर्षाचा पगार त्यातून निघतो. ज्याला ५० रुपयेही जड आहेत त्याच्यावर हा बोजा का, हा आक्षेप रास्त आहे आणि शुल्कमाफी असलेल्यांना यातून वगळणे हे त्याचे उत्तर आहे. मात्र मतदानाशिवाय, नुसत्या परिपत्रकाने शुल्क लावले तर त्याला माझा विरोध राहील.

गरजू विद्यार्थ्यांना उरलेले अन्न द्यावे, ही सूचना बैठकीत हमखास येते. उरलेले चांगले अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत, शहरात ते काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यांना ते जरूर द्यावे. पण आपल्याच वर्गातल्या मुलाला आपले उरलेले देणे मला मान्य नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच लॉस एंजेलिस कॅम्पसवर २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वाइप आउट हंगर’ या उपक्रमात मुले आपल्या मेसच्या कार्डावरची न वापरलेली जेवणे दुसऱ्यांसाठी देतात, आणि घेणारा त्याच भोजनगृहात, त्याच रांगेत, गरम जेवण घेतो. कुपनाचा रंग वेगळा असता कामा नये, यादी फलकावर लागता कामा नये आणि गरिबीचा दाखला दर महिन्याला मागता कामा नये. चार जण खोटे बोलून जेवतील, जेवू द्यावेत.

राहिला प्रश्न ही थाळी करणार कोण याचा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते गिरणगावात कामगारांना खानावळीचे जेवण देणाऱ्या बायकांसाठी. या बायका महिन्याच्या उधारीवर जेवू घालत आणि त्यासाठी सावकाराकडून पैसे उचलत. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे छोटे कर्ज मिळवून देणे हे त्या कामाचे पहिले पाऊल होते. आज महाविद्यालयाच्या कॅन्टीनची निविदा काही लाखांची अनामत मागते आणि तीन वर्षांची मोठी उलाढाल मागते, त्यामुळे बचत गटाची बाई दारातूनच परत जाते, आणि चांगली थाळी करण्याचा अनुभव तिच्याकडेच असतो. येत्या वर्षाच्या निविदा निघण्याआधी व्यवस्थापन समित्यांनी तीन अटी बदलाव्यात असे मला वाटते: भाड्याऐवजी थाळीच्या दराची बोली, नोंदणीकृत बचत गटांना अनामतीतून सूट, आणि बिल सादर झाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे. तिसरी अट पाळली गेली नाही तर पहिल्या दोन असून नसल्यासारख्या आहेत, कारण कडधान्याचा व्यापारी बचत गटाला दोन महिन्यांची उधारी देत नाही.