शून्याची पट्टी

गौरी आल्या त्या रात्री आमच्या घरातून एक माणूस भरल्या ताटावरून उठून गेला. वीस वर्षांची ओळख. माझ्या धाकट्याच्या बारशाला घरचं कार्य समजून राबलेला माणूस. दीड महिना होऊन गेला, तरी ते ताट डोळ्यांसमोरून हलत नाही. मोडलेली भाकरी, शेपूची भाजी, आणि तशीच राहिलेली ताकाची वाटी.

१० सप्टेंबर २०२४. सकाळी गौरींचं आवाहन आणि त्याच रात्री नऊ वाजता फिलाडेल्फियात कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांची डिबेट. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या बक्स काउंटीपासून फिलाडेल्फिया तासाभरावर. चार घरं जमली होती. नैवेद्य झाला, आरती झाली, पानं वाढली आणि टीव्ही लागला.

सुरुवातीचं भांडण मला मनापासून आवडलं होतं, हे आधी सांगते. भावजी ट्रम्प यांच्या बाजूचे. त्यांचा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे, वीसेक माणसं कामाला. २०२२ च्या जूनमध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, तेव्हा पगार कसे भागवले ते त्यांनी पोटतिडकीने सांगितलं. शिवाय ते ग्रीन कार्डसाठी चौदा वर्षं रांगेत उभे होते. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कोणत्याही एका देशाला त्यातली सात टक्केच, म्हणून भारतीयांची रांग सरकतच नाही. "आम्ही कायद्याने आलो, दर वर्षी कागद भरत बसलो, आणि सीमा ओलांडून येणाऱ्यांची सोय आधी?" असं ते विचारतात, तेव्हा त्यात द्वेष नसतो. दुखावलेपण असतं. ते मला कळतं.

समोर आमच्या मैत्रिणीची एकोणीस वर्षांची मुलगी. ती म्हणाली, "काका, २०२२ साली सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क काढून घेतला. त्या कोर्टातले तीन न्यायमूर्ती ट्रम्प यांनी नेमलेले. माझ्या आईला तिच्या विशीत जो हक्क होता तो मला टेक्ससमध्ये नाही. तुमच्या मुलीला तिकडे नोकरी लागली तर?" भावजी गप्प झाले. खरंच विचारात पडले. भांडण असावं तर असं असावं.

मग ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमधले स्थलांतरित कुत्री-मांजरं खातात, असं ट्रम्प बोलून गेले. कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, "असल्या माणसाला मत देणारे सगळे वंशद्वेष्टे." भावजींच्या तोंडावर. मी यजमानीण होते, तिथेच थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. माझं चुकलं. भावजी उसळले आणि म्हणाले, "तुमचे लोक तरी काय जिंकतात? २०२० ला रात्रीतून मतं घुसडून जिंकलात." मी म्हटलं, "भावजी, मतदान केंद्रावरच्या त्या टेबलावर मी बसते." ते म्हणाले, "म्हणूनच वहिनी, तुम्हाला सगळं चांगलंच दिसतं." आणि उठले.

हे वाक्य मला लागलं ते माझ्यावर संशय घेतला म्हणून नव्हे. माझ्या शेजारी बसणाऱ्या आजोबांवरही तो संशय घेतला गेला, हे भावजींना ठाऊकच नव्हतं, म्हणून लागलं.

मी डेमोक्रॅट आहे. इथे मतदार नोंदणीच्या अर्जातच पक्ष विचारतात. कुठलाच नको असंही लिहिता येतं, पण मग पेनसिल्व्हेनियात पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येत नाही. मी हॅरिस यांना मत देणार आहे आणि ते लपवत नाही. मतदान केंद्रावर माझ्या बाजूला बसणारे आजोबा पक्के रिपब्लिकन. डेलावेअर नदीकाठच्या पोलाद कारखान्यात आयुष्य गेलेलं. पूर्वी डेमोक्रॅट होते, रेगन यांच्या वेळी पक्ष बदलला आणि परत फिरले नाहीत. त्यांच्या अंगणात ट्रम्प यांची पाटी, माझ्या अंगणात हॅरिस यांची.

आम्ही दोघं एकाच टेबलावर कसे? तर पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानेच. प्रत्येक केंद्रावर एक प्रमुख असतो, त्यांना 'जज ऑफ इलेक्शन' म्हणतात, आणि दोन निरीक्षक. तिघेही त्याच वस्तीतले, लोकांनीच निवडून दिलेले. निरीक्षकाच्या निवडणुकीत मतदाराने एकालाच मत द्यायचं. पहिला येतो तो बहुमताचा निरीक्षक, दुसरा येतो तो अल्पमताचा, त्यामुळे एका पक्षाची दोन्ही माणसं येणं कठीणच. मग दोघांनी आपापला एक कारकून नेमायचा. आजोबा एकाचे कारकून, मी दुसऱ्याची. म्हणजे ज्या केंद्रावर भावजींना माझी भीती वाटते, तिथे त्यांच्याच पक्षाचा माणूस माझ्यापासून दोन हातांवर, सकाळी सातला दार उघडल्यापासून रात्री आठला बंद होईपर्यंत आणि पुढेही.

दार उघडण्याआधी स्कॅनर मशीनमधून कागदाची एक लांब पट्टी काढतात. प्रत्येक पदाखाली प्रत्येक उमेदवाराचं नाव आणि पुढे शून्य. आजोबा चष्मा कपाळावर चढवतात, पट्टी डोळ्यांपाशी धरतात आणि एकेक नाव मोठ्याने वाचतात. "झिरो. झिरो. झिरो." अगदी खालच्या पदापर्यंत. एकही गाळत नाहीत. मग आम्ही सह्या करतो.

हे सगळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझा दादाच आठवला. तो सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि त्याच्या नशिबात दर वेळी इलेक्शन ड्यूटी. तिकडेही मतदानाआधी पोलिंग एजंटांसमोर मॉक पोल होतो, निदान पन्नास मतं टाकून, मोजून, मग क्लिअर दाबून शून्य दाखवतात आणि यंत्राला सील करतात. यंदा आमचा दोघांचा महिना एकच आहे. माझी ड्यूटी ५ नोव्हेंबरला, त्याची विधानसभेची २० ला. काल फोनवर म्हणाला, "तुझ्याकडे तरी बरं, तू हौसेने जातेस. आम्हाला ऑर्डर येते." मग हळूच विचारलं, "तुमच्याकडेही म्हणतात का गं, सगळं मॅनेज आहे म्हणून?" म्हणतात, दादा. तुझ्याकडे म्हणतात तसंच म्हणतात.

२०२२ च्या नोव्हेंबरमधली एक गोष्ट. रात्री आठला दार बंद झालं आणि हिशेब लागेना. वहीत जितक्या सह्या, तितक्याच मतपत्रिका मशीनमध्ये गेलेल्या असायला हव्यात. आमच्याकडे एकाचा फरक. मशीनमध्ये एक जास्त. सगळे दमलेले, पाय सुजलेले, घरी मुलं वाट पाहत होती. कुणी म्हणालं, एकाने काय होतंय, टीप लिहून द्या. आजोबांनी अंगठ्याला रबराची टोपी चढवली आणि वहीचं पहिलं पान उघडलं. आम्ही तीनदा मोजलं. पाऊण तासाने सापडलं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि मधल्या पानावर एकच सही होती. मग निकालाची पट्टी निघाली, सगळ्यांनी सह्या केल्या आणि एक प्रत दारावर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी म्हणून. आमच्या केंद्रावर त्या रात्री त्यांच्या पक्षाचा उमेदवार मागे होता. ती चिकटलेली पानं त्यांनीच सोडवली.

आता भावजींच्या 'रात्रीतून'बद्दल. तो प्रश्न खुळा नाही, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. २०२० ला मंगळवारी रात्री ट्रम्प पेनसिल्व्हेनियात पुढे होते आणि शनिवारी बायडन जिंकल्याचं जाहीर झालं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. कारण साधं आहे. इथे टपाली मताची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायला कायद्याने बंदी आहे. त्या वर्षी कोविडमुळे अशी सुमारे २६ लाख मतं आली. ट्रम्प यांनी आपल्या लोकांना टपाली मतावर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे त्या पाकिटांत डेमोक्रॅटांची मतं कितीतरी जास्त होती. केंद्रावरची मतं आधी मोजली गेली, पाकिटं नंतर. आणि सर्वांना टपालाने मत देऊ देणारा तो कायदा २०१९ चा, रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने केलेला, डेमोक्रॅट गव्हर्नरांनी सही केलेला. पाकिटं आधी उघडू द्या असं काउंट्या केव्हापासून सांगताहेत, पण हॅरिसबर्गमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, दोन्ही पक्षांचं जुळत नाही. म्हणून यंदाही निकालाला वेळ लागू शकतो. मंगळवारी रात्री जो पुढे असेल तो बुधवारी मागे गेला, तर कृपा करून मंडळाच्या ग्रुपवर 'चोर, चोर' सुरू करू नका. कुणीही.

खटलेही झाले. फिलाडेल्फियातल्या अपील कोर्टाने ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेची मागणी फेटाळली, तो निकाल न्यायमूर्ती स्टेफानोस बिबास यांनी लिहिला. त्यांना ट्रम्प यांनीच नेमलं होतं. आरोप करायचा तर नेमकं काय झालं ते सांगा आणि पुरावा द्या, इतकंच त्यांनी मागितलं. फिलाडेल्फियाचे तेव्हाचे निवडणूक आयुक्त अल श्मिट रिपब्लिकन, मोजणी बरोबर आहे म्हणाले म्हणून त्यांना धमक्या आल्या. पुढे २०२३ साली ते राज्याच्या निवडणूक कारभाराचे प्रमुख झाले, डेमोक्रॅट गव्हर्नरांनी नेमलेले.

आमच्या बाजूचे लोक धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणणार नाही. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांवर अध्यक्ष ठरला, ती जखम डेमोक्रॅटांनी वर्षानुवर्षं कुरवाळली. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त पडली आणि तरी राज्यांच्या प्रतिनिधींच्या हिशेबात त्या हरल्या, तेव्हा 'हा माझा अध्यक्ष नाही' म्हणणारे माझ्याच ओळखीचे होते. पण क्लिंटन यांनी दुसऱ्याच दिवशी हार मान्य केली होती. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांचा जमाव कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, घुसला तेव्हा जे घडलं, ते आणि हे एका तराजूत घालायला मी तयार नाही. भावजींना राग आला तरी नाही.

आपल्या लोकांचं मत इथे किती मोलाचं आहे, याची अजून आपल्यालाच कल्पना नाही. अध्यक्ष व्हायला ५३८ पैकी २७० प्रतिनिधी लागतात, त्यातले १९ पेनसिल्व्हेनियाचे. २०१६ ला ट्रम्प यांनी हे राज्य सुमारे ४४ हजारांनी घेतलं, २०२० ला बायडन यांनी ८० हजारांनी. आमच्या काउंटीत २०१६ ला एक टक्क्याचाही फरक नव्हता. बेळगावच्या मातीतून आलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून निवडून काँग्रेसमध्ये गेले. आणि आपल्या मंडळाच्या ग्रुपवर सर्वांत तावातावाने भांडणाऱ्यांत निम्मे असे, की ज्यांना अजून मताचा अधिकारच नाही, आणि काही असे, की अधिकार असून दोन निवडणुका घरी बसले.

तर ज्यांच्याकडे टपाली मतपत्रिका अजून घरात पडली आहे त्यांनी ऐकावं. मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात, मग बाहेरच्या. यंदाच्या, म्हणजे २०२४ च्या, नियमानुसार बाहेरच्यावर सही आणि तारीख. एक जरी राहिलं तरी मत बाद होऊ शकतं, मग ते कोणाचंही असो. आता टपालात टाकू नका, काउंटीच्या कचेरीत किंवा पेटीत नेऊन द्या. मंगळवारी रात्री आठच्या आत ते पोचलं पाहिजे, टपालाचा शिक्का कधीचा आहे हे कुणी बघत नाही. केंद्रावर येणार असाल आणि आठ वाजता रांगेत उभे असाल, तर मत देऊ दिल्याशिवाय तुम्हाला कुणी परत पाठवू शकत नाही.

उद्या अभ्यंगस्नान, परवा लक्ष्मीपूजन. रविवारी चकल्यांचा डबा घेऊन मी भावजींच्या दारात गेले होते. ते घरी नव्हते. वहिनींनी डबा घेतला, आत बोलावलं, चहा केला. राजकारणाचा शब्द निघाला नाही. रात्री मी भावजींना मेसेज पाठवला. पक्षाकडून पोल वॉचरचं, म्हणजे मतदानावर नजर ठेवणाऱ्याचं, प्रमाणपत्र घ्या, आपल्या काउंटीतल्या कुठल्याही मतदाराला ते मिळू शकतं, आणि मंगळवारी आमच्याच केंद्रावर या. सातच्या आधी या. शून्याची पट्टी निघताना आजोबांच्या शेजारी उभे राहा, आणि रात्री निकालाची पट्टी दारावर लागेपर्यंत थांबा. जेवणाचा डबा मी दोघांचा आणते.

दोन निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर अजून आलेलं नाही. डबा मी दोघांचाच भरणार आहे.