हँडल वर घ्या, कमीपणा वाटून घेऊ नका

गुढीपाडव्याला घरी नवी सायकल आली. खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, जिला रोड बाइक म्हणतात ती. हळदकुंकू वाहिलं, चाकापुढे नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून कोरेगावच्या रस्त्याला लागलो. वीस किलोमीटर होईतो मान वर उचलेना. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. घरी येऊन जिना चढताना डावा गुडघा पुढच्या बाजूने ठणकायला लागला.

हिने चहाचा कप हातात दिला आणि काळजीने विचारलं, "अहो, परत घेतात का हो ते दुकानवाले?"

आज त्या गोष्टीला दहा आठवडे झाले. आज सकाळी मी त्याच सायकलवर यवतेश्वरचा घाट चढून पेट्रीच्या पुढे जाऊन आलो. मान, हात, गुडघा, कुठेही काही नाही. मधल्या काळात माझं वय काही कमी झालेलं नाही, ६४ चा ६४ च आहे. सायकल बदलली. म्हणजे सायकल तीच, पण ती माझ्या मापाची करून घेतली. हे सविस्तर लिहितोय कारण माझ्या ओळखीतल्या तिघांनी साठीनंतर हौसेने महागडी सायकल घेतली आणि महिन्याभरात "आता आपलं वय नाही राहिलं" म्हणून गॅलरीत लावून ठेवली. तिघांच्याही सायकली मी नंतर बघितल्या. तिघांचीही सीट चुकीच्या उंचीवर होती.

एसटीच्या कार्यशाळेत माझी ३४ वर्षं गेली. बसचं टायर एका बाजूने झिजायला लागलं तर आम्ही टायरला म्हातारं म्हणत नव्हतो, अलाइनमेंट बघत होतो. माणसाच्या गुडघ्याला मात्र लोक लगेच म्हातारं ठरवून मोकळे होतात. याचा मला मनापासून राग येतो.

सायकल मला नवी नाही. १९७९ साली आयटीआयला जायला वडिलांनी काळी दणकट सायकल घेऊन दिली, २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची. कॅरिअर, डायनामो, स्टँड धरून वजन वीस किलोच्या वर. त्या सायकलवर बसलं की पाठ ताठ, हँडल पोटाच्या जवळ. कंपनीने दिली तशी वापरायची, फार तर सीट वरखाली करायची. रोड बाइकचं तसं नाही. यात माणूस पुढे झुकतो, त्याचं वजन सीट, हात आणि पायडल या तिघांत वाटलं जातं. ती वाटणी चुकली की शरीर कुठे ना कुठे तक्रार करणारच. पंचविशीतला मुलगा चुकीच्या मापावरही शंभर किलोमीटर मारून येतो, कारण त्याचं अंग सोसतं. आपलं अंग सोसत नाही, लगेच सांगतं. मला तर हा उपकारच वाटतो.

दुकानात मला फक्त उंची विचारली होती आणि ५६ नंबरची फ्रेम पुढे केली होती, कारण तीच शिल्लक होती. मी हटून बसलो म्हणून दहा दिवसांनी ५४ ची आली. माझी उंची ५ फूट ७ इंच. पण उंचीवरून नुसता अंदाज येतो. खरं माप टांगेचं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर नेऊन सीटवर बसल्यासारखं घट्ट टेकवायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. माझं आलं ८० सेंटिमीटर. याला ०.८८३ ने गुणायचं, म्हणजे ७०.६. पायडलच्या मधल्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही पायडलं ज्याभोवती फिरतात त्याच्या, केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. हे सूत्र टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं. माझी सीट तेव्हा ६७ वर होती. साडेतीन सेंटिमीटर खाली! गुडघा ठणकला नसता तरच नवल.

सूत्र म्हणजे सुरुवातीचा अंदाज, शेवटचा शब्द गुडघ्याचा. गुडघा पुढून दुखला तर बहुतेक वेळा सीट खाली आहे. मागच्या बाजूने, लवणीत ओढ बसली तर सीट वर गेली आहे. मी एका दिवसात साडेतीन सेंटिमीटर वर नेली नाही. दर तीन-चार दिवसांनी पाच मिलिमीटर, आणि प्रत्येक वेळी सीटच्या नळीला काळी चिकटपट्टी गुंडाळून खूण. शेवटी ७०.२ वर येऊन थांबलो, तिथे पाय बरोबर फिरतो. सीट पुढे-मागे किती हवी यासाठी गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. पायडल आडवं, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडायचा, तो त्याच पायाखालच्या पायडलच्या ॲक्सलवर किंवा त्याच्या किंचित मागे पडला की ठीक. यालाही शरीरशास्त्राचा पक्का आधार आहे असं समजू नका, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

आता हँडल. माझ्या मते आपल्या वयाच्या माणसाचा खरा प्रश्न इथे आहे, आणि इथेच लोक लाजतात.

रोड बाइकचे फोटो बघितले तर हँडल सीटपेक्षा बरंच खाली दिसतं. ते दिसायला झोकात दिसतं आणि शर्यतीत वारा कापायला उपयोगी पडतं, यात वाद नाही. पण ज्याची कंबर आणि मांडीचे मागचे स्नायू आखडले आहेत, त्याने तसं बसायचा हट्ट धरला की सगळा भार तळहातावर येतो. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दाबली जाते आणि नेमकी तीच दोन बोटं बधिर होतात. रस्ता दिसावा म्हणून डोकं वर उचलून धरावं लागतं, मग मान अवघडते. गुडघा सोडला तर मला आलेला एकूण एक त्रास हँडलच्या उंचीतून आणि लांबीतून आला होता.

उपाय साधा आहे. हँडल ज्या आडव्या तुकड्याला धरलेलं असतं त्याला स्टेम म्हणतात. माझ्या सायकलला १०० मिलिमीटरचा आला होता. तो काढून ८० चा, वर झुकणारा बसवला. खाली तीन सेंटिमीटरच्या कड्या ठेवल्या. आता हँडल सीटच्या बरोबरीला आहे. एक तरुण मुलगा सिग्नलला म्हणाला, "काका, स्टेम खाली घ्या की, प्रो दिसेल." त्याला मी प्रेमाने सांगितलं की बाळा, मला कासचं पठार दिसलं पाहिजे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नवी सायकल घेताना फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, वर आलेली नळी दुकानदाराला कापू देऊ नका. "जास्तीची नळी चांगली दिसत नाही" म्हणतील. कापली की संपलं, हँडल पुन्हा वर नेता येत नाही. किमान दोन महिने चालवा, मग ठरवा. आणि फ्रेम निवडताना स्टॅक आणि रीच हे दोन आकडे विचारा. स्टॅक म्हणजे पायडलच्या मधल्या ॲक्सलपासून फ्रेमचं डोकं किती उंच, रीच म्हणजे किती पुढे. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या, प्रकारच्या सायकलीत पहिला आकडा जास्त आणि दुसरा कमी असतो. आपल्याला तीच हवी. ज्या दुकानात हे दोन आकडे कुणाला सांगता येत नाहीत, तिथून लाखाची सायकल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गिअरचंही तेच. शर्यतीच्या सायकलींना वर्षानुवर्षं पुढे ५३-३९ आणि मागे ११-२५ अशी दात्यांची चाकं असत. तो हिशोब तगड्या मांड्यांचा. माझ्या सायकलला शिमानो कंपनीचा सोरा हा गिअरचा संच आहे, पुढे ५०-३४. मागे ११-३२ आलं होतं, तिथे ११-३४ बसवून घेतलं, चेनची लांबी तपासून. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला पुढचे ३४ आणि मागचे ३४, पायडलचा एक फेरा की चाकाचाही एकच फेरा, साधारण सव्वादोन मीटरच्या आत. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पावणेआठ किलोमीटर. माझ्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते, एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या जवळपास. म्हणूनच तारुण्यातही मी यवतेश्वरला ती हातात धरून चढवायचो. घाटात हलका गिअर लावला म्हणून कुणी लहान होत नाही. जोर लावून, उभं राहून, दात-ओठ खाऊन चढलं की गुडघ्याच्या सांध्यावर जो दाब येतो तो दुसऱ्या दिवशी वसूल होतो.

टायरबद्दल माझा स्वतःचा समज पूर्ण चुकीचा निघाला. बारीक टायर, दगडासारखी टणक हवा, म्हणजे वेग, असंच आमच्या पिढीला वाटत आलं. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर ते खरं असेल. खडबडीत डांबरावर टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, आणि ती उसळी आपल्याच ताकदीतून वजा होते. शर्यतवालेसुद्धा २३ मिलिमीटरवरून आता २८ वर आले आहेत. मी २५ काढून ३२ घातले. माझं वजन ७२ किलो, पुढे ५५ आणि मागे ६० पीएसआय भरतो. आधी दुकानातून ११० भरून आले होते. कोरेगाव रस्त्याच्या त्याच पट्ट्यावर आता हाताला झिणझिण्या येत नाहीत. यातल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असतो, आपल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो बसत नाही. त्यासाठी पितळेचं एक छोटं अडॅप्टर मिळतं, अगदी थोड्या पैशांत. ते खिशात हवंच. एक जादा ट्यूब आणि टायर उतरवायचे दोन चमचेही बरोबर ठेवा.

ब्रेकचं दोन वाक्यांत. डिस्क ब्रेकच घ्या, कारण वयानुसार मुठीची पकड कमी होते आणि उतारावर बोटं दमतात. बहुतेक लिव्हरला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर बोटांच्या जवळ आणता येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि हो, हँडल-स्टेमचे नट अंदाजाने आवळू नका. किती जोराने आवळायचं ते बहुतेकांवर ५ न्यूटन-मीटर असं छापलेलं असतं. मी आयुष्यभर बसच्या नटांवर हात चालवलेला माणूस, माझ्या हाताला ५ कळतच नाही. छोटा टॉर्क पाना विकत घेतला.

पायाला अडकणारी पायडलं मी लावली नाहीत, लावणारही नाही. पाय सुटला नाही आणि जागच्या जागी आडवं पडलो तर या वयात खुब्याच्या हाडावर बेततं. याच कारणासाठी आठवड्यातून तीन दिवस जिने चढणं आणि उठाबशा चालू ठेवल्या आहेत. सायकलने हृदय आणि फुप्फुसं सुधारतात, पण शरीराचं वजन सायकलच पेलते, त्यामुळे हाडांना काम मिळत नाही. निव्वळ सायकल पुरत नाही, हे डॉक्टरांनी मला हृदयाची स्ट्रेस टेस्ट करताना समजावून सांगितलं. ती टेस्ट मात्र सायकल घेण्याआधी करा.

"आता या वयात काय सुधारणार?" असं विचारणाऱ्यांना मी रोबेर मार्शाँ या फ्रेंच गृहस्थांबद्दल सांगतो. साठी ओलांडल्यावर ते पुन्हा सायकलकडे वळले. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांनी ट्रॅकवर एका तासात २२.५४७ किलोमीटर कापले. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे की १०१ ते १०३ या दोन वर्षांत शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ३१ मिलिलिटरवरून ३५ झाली होती. शंभरीनंतर वाढली! आणि सराव कसा? वर्षाला सुमारे ५००० किलोमीटर, त्यातलं ८० टक्के हलक्या दमाने आणि २० टक्के जोराने. मी हेच प्रमाण धरलं आहे. आठवड्यातले चार दिवस गप्पा मारता येतील इतक्या दमाने आणि एक दिवस घाट.

आजचा दिवस घाटाचा होता. साडेपाचला समर्थ मंदिरावरून निघालो तेव्हा अजिंक्यतारा ढगात होता. पावसाआधीची ती गार, ओलसर हवा. घाटात एकही गाडी नव्हती, फक्त चेनचा बारीक आवाज आणि माझा श्वास. तिसऱ्या वळणावर लक्षात आलं की मी गुडघ्याचा विचारच करत नाहीये. वर आलो, उजवीकडे कण्हेरचं पाणी, डावीकडे उरमोडीचं, आणि मध्ये त्या डोंगराच्या पाठीवरून सरळ पळणारा कासचा रस्ता. पुढचं ५० दात्यांचं चाक लावलं आणि सायकल सोडली. हात हलके, मान मोकळी, दोन्ही बाजूंचं सगळं दिसत होतं. एका बाईंकडून द्रोणभर करवंदं घेतली, हंगामातली शेवटची. त्यांनी विचारलं, "बाबा, सातारहून सायकलवर आलासा?" हो म्हणताना छाती भरून आली.

घरी आलो तर हिने सायकलच्या सीटवरचा चिखल फडक्याने पुसला, मग मला चहा दिला.

गॅलरीत सायकल लावून ठेवलेल्या त्या तिघांपैकी एकाचा मघाशी फोन आला होता. उद्या सकाळी सायकल घेऊन येतोय. टेप, ओळंबा आणि जाड पुठ्ठ्याचं पुस्तक बाहेर काढून ठेवलंय. त्याच्या फोर्कची नळी कापलेली नसली म्हणजे मिळवली.