असाइन-पेस्ट का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत नेस्टेड लूपमध्ये (एकात एक फिरणाऱ्या लूपमध्ये) फिट केलेली मॉडेल्स सगळ्या जोड्यांचा तक्ता, म्हणजे ग्रिड, करून एका लिस्टमध्ये ठेवा, असं मी सुचवलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. पहिला, नेस्टेड लूपमधली मॉडेल्स ठेवायला ग्रिड आणि लिस्टचा घाट कशाला, पेस्ट०ने नाव जुळवून आणि असाइनने ते नाव देऊन प्रत्येक मॉडेल वेगळं ठेवलं की काम झालं. दुसरा, कोएफिशंटच (मॉडेलने काढलेले गुणक) बघायचे तर अख्खी मॉडेल्स साठवून मेमरी का अडवायची? दुसरा मला बराचसा पटतो, पहिला अजिबात नाही.

आरमधला एमटीकार्स डेटा घ्या, ३२ गाड्यांचा. बाहेरच्या लूपमध्ये सिलिंडर (४, ६, ८), आतल्या लूपमध्ये वजन, हॉर्सपॉवर आणि डिस्प्लेसमेंट. मायलेजची ९ एलएम (लिनिअर रिग्रेशन) मॉडेल्स. तुमच्या पद्धतीने वर्कस्पेसमध्ये ९ सुटी नावं तयार होतात. कुठल्या गटात कशाचा आर-स्क्वेअर (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप) जास्त हे बघायचं तर एलएसने नावं गोळा करा, गेटने एकेक मॉडेल काढा, मग नाव तोडून सिलिंडर आणि व्हेरिएबल ओळखा. उद्या ६ सिलिंडरचा गट वगळलात (त्यात ७च गाड्या आहेत, वगळावासा वाटेलच) आणि त्याच सेशनमध्ये स्क्रिप्ट पुन्हा चालवलीत, तरी जुनी ३ मॉडेल्स तिथेच असतात आणि एलएस त्यांनाही उचलतं. ना एरर, ना वॉर्निंग, आणि निकाल चुकीचा! मला खरी काळजी याची वाटते.

एक्सपांड.ग्रिड या फंक्शनने सिलिंडर आणि व्हेरिएबलच्या जोड्यांचा ९ ओळींचा तक्ता केला आणि तेवढ्याच लांबीची रिकामी लिस्ट आधीच बनवली, की पाचव्या ओळीचं मॉडेल लिस्टमध्ये पाचव्या जागी. लूपही एकच उरतो. एक मात्र सांभाळा. फिट फसल्यावर ट्रायकॅचने (एरर पकडणाऱ्या फंक्शनने) दिलेला नल, म्हणजे 'काहीच नाही', दुहेरी कंसाने [[ ]] लिस्टमध्ये ठेवलात, तर आर तो घटकच काढून टाकतं. भरलेल्या लिस्टमध्ये पाचवं मॉडेल पुन्हा फिट करताना असं झालं, तर सहावं पाचव्या जागी सरकतं आणि पुढची सगळी जुळणी बिघडते. एकेरी कंस [ ] वापरा आणि नल लिस्टमध्ये गुंडाळून ठेवा.

आता मेमरी. एलएमच्या ऑब्जेक्टमध्ये रेसिड्युअल्स (प्रत्यक्ष आणि अंदाजित किमतींतला फरक), क्यूआर (गणितासाठी केलेली मॅट्रिक्सची फोड) आणि वापरलेल्या डेटाची मॉडेल फ्रेम असतेच. शिवाय फॉर्म्युला एखाद्या फंक्शनच्या आत लिहिला असेल, तर त्या फंक्शनचं एन्व्हायरन्मेंटही (त्यातली सगळी व्हेरिएबल्स) त्याला चिकटून येतं आणि सेव्हआरडीएसने मॉडेल फाइलमध्ये साठवल्यावर तिथला मोठा डेटा फाइलमध्ये जातो. ऑब्जेक्टचा आकार सांगणारं ऑब्जेक्ट.साइझ तो मोजत नाही, म्हणून फाइल एवढी का फुगली ते कळत नाही. तेव्हा शेकडो मॉडेल्स असतील तर तुमचंच बरोबर: लूपच्या आतच ब्रूम पॅकेजचे टायडी (कोएफिशंटचा तक्ता) आणि ग्लान्स (आर-स्क्वेअरसारखा सारांश) चालवा आणि त्यांचे छोटे तक्ते लिस्टमध्ये ठेवा.

पण पुढे रेसिड्युअल प्लॉट काढायचे असतील किंवा नव्या डेटावर प्रेडिक्ट करायचं असेल, तर अख्खं मॉडेल लागतंच. मग प्रत्येकाची वेगळी आरडीएस फाइल करा, नावात ग्रिडच्या ओळीचा क्रमांक घाला आणि ग्रिडही सोबत साठवा. एकेका फिटला तास लागत असेल तर हे लूप चालू असतानाच करा; मशीन मध्येच बंद पडलं तरी झालेल्या ओळी सोडून पुढून सुरू करता येतं.