चुंबकाचा मध्य ‘मेलेला’ नसतो

‘पट्टीचुंबकाच्या बरोबर मध्यावर चुंबकत्व शून्य असतं. तिथे ब्लॉख वॉल नावाचा मृत पट्टा असतो आणि दोन्ही ध्रुवांकडून उलटसुलट फिरत येणारे भोवरे तिथे थांबतात. पुस्तकातल्या बलरेषा थाप आहेत, खरं क्षेत्र हिरव्या फिल्मवर आणि फेरोसेलमध्ये डोळ्यांनी दिसतं.’ अशा मजकुराचे व्हिडिओ आणि फॉरवर्ड भरपूर फिरतात. हिरवी फिल्म म्हणजे चुंबकीय क्षेत्र दाखवणारा पातळ पडदा आणि फेरोसेल म्हणजे दोन काचांमधला चुंबकीय द्रवाचा पातळ थर. ही उपकरणं खरी असतात, त्यांवर दिसणारं चित्रही खरं असतं. म्हणूनच चांगली जिज्ञासू माणसं त्यांना फसतात, आणि म्हणूनच याला नीट उत्तर द्यायला हवं.

‘मध्यावर लोहकीस चिकटत नाही, म्हणजे तिथे क्षेत्र नाही.’

लोखंडाचा तुकडा किती ओढला जातो ते फक्त क्षेत्र किती आहे यावर नव्हे, तर ते जागेगणिक किती झपाट्याने बदलतं यावरही ठरतं. सगळीकडे सारखंच असलेल्या क्षेत्रात, ते कितीही प्रबळ असलं तरी, खिळा फक्त वळतो, कुठल्याच बाजूला ओढला जात नाही. ध्रुवांपाशी क्षेत्र झपाट्याने बदलतं म्हणून तिथे कीस गर्दी करतो. लांबट चुंबकाच्या मध्याशेजारी, बाहेरच्या बाजूला, क्षेत्र क्षीण असतं हे खरं. पण क्षीण म्हणजे शून्य नव्हे. तिथे होकायंत्र ठेवा. सुई भरकटत नाही, चुंबकाला समांतर होऊन ठाम उभी राहते आणि तिचं उत्तर टोक चुंबकाच्या दक्षिण ध्रुवाच्या दिशेला असतं. चुंबकापासून पुरेसं दूर गेलात तर मध्यरेषेवरचं (मध्यातून चुंबकाला लंब जाणाऱ्या रेषेवरचं) क्षेत्र तेवढ्याच अंतरावरच्या, चुंबकाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या अक्षावरील क्षेत्राच्या बरोबर निम्मं भरतं.

‘गॉसमीटर मध्यावर शून्य दाखवतो.’

या सगळ्यातला हा सर्वांत वजनदार पुरावा, कारण इथे आकडा दिसतो. नेहमीच्या गॉसमीटरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राचं, टोक चपटं असतं आणि आतला हॉल सेन्सर (क्षेत्र टिपणारा भाग) क्षेत्राचा फक्त त्या चपट्या बाजूला लंब असलेला घटक मोजतो. व्हिडिओत हे टोक चुंबकाच्या कडेला सपाट टेकवून एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे सरकवतात. उत्तर ध्रुवापाशी क्षेत्र बाहेर पडतं, दक्षिण ध्रुवापाशी आत शिरतं, तेव्हा आकडा अधिकाचा उणे होताना मध्ये शून्यातून जाणारच. पण शून्य झाला तो एक घटक, क्षेत्र नव्हे. हात न हलवता तेच टोक 90 अंशांत फिरवून चुंबकाच्या लांबीला आडवं धरा, आकडा लगेच परत येतो. तिन्ही अक्षांवर मोजणारा सेन्सर वापरला तर ‘मृत पट्टा’ सापडतच नाही.

आणि हे झालं बाहेरचं. चुंबकाच्या आत मध्यभागी काय असतं? तिथे तर क्षेत्र सर्वाधिक असतं. लांब, एकसारख्या चुंबकित पट्टीत मध्यभागाच्या मानाने टोकाच्या पृष्ठभागावर ते साधारण निम्मं उरतं. हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. तारेचं वेटोळं करून त्याला गॅल्व्हानोमीटर (सूक्ष्म विद्युतप्रवाह दाखवणारं यंत्र) जोडा आणि चुंबक एका वेगाने त्यातून पलीकडे न्या. सुई आधी एका बाजूला झुकते, चुंबकाचा मध्य वेटोळ्यात आला की शून्यावर येते, मग उलट बाजूला जाते. फॅरेडेने 1831 साली दाखवलं तेच हे प्रवर्तन. तारेतला विद्युतप्रवाह ठरतो तो वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह किती वेगाने बदलतो यावर. मध्यापर्यंत हा चुंबकीय प्रवाह वाढत गेला, तिथून घटू लागला. म्हणजे सुईचं ते शून्य हाच मध्यावर तो सर्वाधिक असल्याचा पुरावा आहे. मध्य खरोखर रिकामा असता, तर ध्रुव ओलांडताक्षणी सुई उलटली असती.

‘हिरव्या फिल्मवर मध्यरेषा उजळ दिसते, तीच ती भिंत.’

या फिल्ममध्ये तेलाने भरलेल्या अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत निकेलचे चपटे कण. क्षेत्र फिल्मला लंब असलं की कण काठावर उभे राहतात, उजेड आत जातो, भाग काळपट दिसतो. क्षेत्र फिल्मला समांतर असलं की कण आडवे होतात आणि उजेड परतवतात. उजळ रेघेचा अर्थ इतकाच: इथे क्षेत्र फिल्मच्या पातळीत आहे. आता चपट्या गोल चुंबकाच्या एका ध्रुवावर हीच फिल्म ठेवून पाहा. काठाभोवती उजळ कडं उमटतं. तिथे दोन ध्रुवांमधली कुठलीच सीमा नसते, क्षेत्र काठावरून खाली वळतं एवढंच.

‘ती ब्लॉख वॉल आहे.’

भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉखने 1932 मध्ये मांडलेली भिंत वेगळीच आहे. लोखंडासारख्या पदार्थात वेगवेगळ्या दिशांना चुंबकित झालेले लहान लहान विभाग असतात, आणि दोन शेजारी विभागांमधल्या ज्या पातळ थरात ती दिशा हळूहळू वळते, तो थर म्हणजे ब्लॉख वॉल. लोखंडात त्याची जाडी काही शे अणूंची. साध्या डोळ्यांना दिसणारा पट्टा ती असूच शकत नाही. शिवाय चुंबक मध्यावर तोडला की तुटलेल्या टोकांना नवे ध्रुव मिळतात. मध्ययुगीन फ्रेंच विद्वान पेत्रुस पेरेग्रिनसने हे 1269 मध्येच लिहून ठेवलं आहे. क्षेत्र मध्यातून आरपार जात होतं म्हणूनच तर ते तिथे बाहेर आलं.

‘जुन्या टीव्हीवर भोवरे दिसतात.’

पिक्चर ट्यूबमध्ये पडद्याकडे धावणारे इलेक्ट्रॉन क्षेत्रात वाकतात. ध्रुव बदलला की वाकण्याची दिशा बदलते. गरगरलेलं दिसतं ते इलेक्ट्रॉनांचं चित्र. त्याच चुंबकाभोवतीचा लोहकीस मात्र जागचा हलत नाही. फेरोसेलमध्ये फेरोफ्लुइडचे (त्या चुंबकीय द्रवाचे) कण साखळ्यांत जुळतात आणि दिव्यांचा प्रकाश त्यांवरून विखुरतो. चुंबक न हलवता दिव्यांची जागा बदला, नक्षी बदलते. नक्षीत दिवेही सामील आहेत, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

एका गोष्टीत मात्र दावेदारांशी मी सहमत आहे: बलरेषा हे अवकाशात ताणलेले धागे नव्हेत. कीस रेघांमध्ये दिसतो कारण प्रत्येक कण स्वतः छोटा चुंबक होऊन पुढच्याला टोकाने जोडला जातो आणि शेजारच्या रांगेला दूर लोटतो. रेघांमधल्या मोकळ्या जागेतही क्षेत्र असतंच. रेषा दिशा सांगतात, आणि ते काम त्या चोख करतात.

खरी शून्याची जागा पाहायची तर तीही आहे. दोन सारख्या चुंबकांचे सजातीय ध्रुव समोरासमोर ठेवा, दोहोंच्या मधोमध क्षेत्र रद्द होतं. किंवा पट्टीचुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे करून ठेवा आणि त्याच्या मध्यरेषेवर होकायंत्र बाहेर बाहेर सरकवत न्या. एका ठरावीक अंतरावर चुंबकाचं क्षेत्र आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक एकमेकांना संपवतात आणि सुई कुठेही थांबते. हे उदासीन बिंदू. चुंबक उलटा फिरवला की ते मध्यरेषा सोडून अक्षावर जातात.