‘तुघलकाची वकिली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महाशय,

महंमद बिन तुघलकाने कैरोच्या खलिफाकडून, म्हणजे मुस्लिम जगाच्या नाममात्र प्रमुखाकडून, मागवलेल्या राज्याच्या सनदेवर मी लिहिलं, त्यावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा मजकूर थोडक्यात देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढं उचललं असं व्हायला नको. तुमच्या मते तुघलक आधी धर्मवेडा होता, राजा नंतर. दौलताबाद ही राजधानी नव्हतीच, दख्खनेत इस्लाम पसरवण्याची ती योजना होती. किल्ल्यातल्या मशिदीचे खांब आणि वारंगळचं पाडलेलं देऊळ हे पुरावे. सनद येईपर्यंत त्याने शुक्रवारची नमाज बंद ठेवली, असं ‘निव्वळ राजकारणी’ माणूस करत नाही. आणि मी म्हणजे ‘पुण्यात एसीत बसून तुघलकाची वकिली करणारा पगारी पुरोगामी’.

हा पगार कोण देतं ते कळवा. थकबाकी बरीच निघेल.

तुमच्याशी मतभेद असायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती भाषेला. ‘दौलताबादची एक पायरी तरी चढलात का?’ असं विचारताना समोरचा माणूस कोण, कुठला, याची चौकशी करावीशी वाटली नाही? मी दौलताबादच्या पायथ्याशी वाढलो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि दरवर्षी पोरांची रांग घेऊन किल्ल्यावर जायचे. अंधेरीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरण्याआधी ते सगळ्यांना हात धरायला लावत, आणि उतरल्यावर दारातल्या बाईकडून पेरू घेऊन देत. त्या वाटेवरचे दगड मला पाठ आहेत. तुम्ही मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहून मला पायऱ्या मोजायला सांगता, याला काय म्हणावं?

आणि ज्या खांबांचा पुरावा तुम्ही देता ते देवळांचे आहेत, यात वादच नाही. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर तिथे भारतमाता मंदिर झालं हेही सगळ्यांना माहीत आहे. पण ती मशीद १३१८ सालची, कुतुबुद्दीन मुबारक खलजीची. तुघलक तख्तावर बसला १३२५ मध्ये. मुबारकचा हिशेब मुबारकच्या खात्यात लिहा. बरं, स्वतःला खलिफा म्हणवून घेणारा सुलतानही हा मुबारकच. त्याच्यावर एक झणझणीत प्रतिक्रिया लिहा, मी पहिल्या जागी लावतो.

एक गोष्ट मान्य. नमाज चुकवणाऱ्यांना तुघलक कडक शिक्षा करायचा, एका दिवसात त्याने याच कारणावरून नऊ जणांना मारलं, असं त्याच्या दरबारी राहिलेला परदेशी प्रवासी इब्न बतूता सांगतो. मी ते अर्ध्या ओळीत उरकलं. त्याला परिच्छेद द्यायला हवा होता. झालं समाधान?

आता ‘इस्लाम पसरवण्याची योजना’. हे वाक्य तुम्ही इतक्या सहज टाकून पुढे गेलात की मला तिथेच थांबावं लागतंय. योजना कोणासाठी होती आणि कोणाच्या मानेवर बसली, ते पाहा. १३२७ च्या सुमारास दिल्लीहून जी माणसं निघाली त्यांत उलेमा म्हणजे धर्मपंडित होते, सय्यद होते, सूफी होते. म्हणजे धर्म ज्यांच्या जिभेवर होता तीच मंडळी. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. इसामी हा इतिहासकार त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला, वारले. याच इसामीने पुढे, १३५० मध्ये, बहमनी सुलतानाच्या आश्रयाला बसून तुघलकाला काफिर ठरवलं आणि त्याच्याविरुद्धचं बंड रास्त म्हटलं. धर्मप्रसारासाठी ज्याला आणलं तोच आणणाऱ्याला धर्मबुडवा म्हणतो. ही कसली योजना?

सूफींचं पुढे काय झालं तेही ऐका. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब याच लाटेत इकडे आले आणि १३३७ मध्ये इथेच गेले. खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. तो रस्ता मी लहानपणापासून पाहतोय. उरुसात जाणाऱ्यांत आमच्या आळीतल्या बायकाही असायच्या, आणि कोणी कोणाला काही विचारायचं नाही. तिथे धर्म पसरला असेल तर तो दर्ग्यावर पसरला, दरबारात नाही. दरबाराने सूफींना काय दिलं? शेख शिहाबुद्दीन यांनी सुलतानाची चाकरी नाकारली आणि त्याला तोंडावर जुलमी म्हटलं. त्यांच्या घशात विष्ठा कोंबली आणि मग मान मारली. हे इब्न बतूताच सांगतो, जो त्याच सुलतानाने नेमलेला दिल्लीचा काजी होता.

मग दौलताबाद कशासाठी? तुमचा प्रश्न रास्त, सूर नाही. त्या आधीच्याच वर्षांत सुलतानाचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प गुलबर्ग्याजवळच्या सगरला बंड करून उठला होता आणि कर्नाटकातल्या कंपिलीच्या राजाच्या आश्रयाला गेला होता. त्याची कातडी सोलून गावोगाव फिरवली. दिल्लीत बसून दक्षिण हातात राहत नाही, हे सुलतानाला तेव्हा कळून चुकलं. दरबारातला इतिहासकार बरनी तर साधं कारण देतो: देवगिरी राज्याच्या मधोमध येते. इब्न बतूता म्हणतो, दिल्लीकर शिव्यांच्या चिठ्ठ्या टाकायचे म्हणून राग काढला. दोघांपैकी एकालाही धर्मप्रसार सुचला नाही. तुम्हाला मात्र सातशे वर्षांनी सुचला, अभिनंदन.

वारंगळबद्दल दोन ओळी पुरेत. १३२३ मध्ये स्वयंभू शिवाचं देऊळ पडलं ते हाच तुघलक उलूघ खान नावाने राजपुत्र असताना, आणि ते काकतीय राजांचं कुलदैवत होतं. राज्य मोडायचं तर राजाचा देव आधी मोडायचा, हे त्या काळचं गणित मी लेखात मांडलं होतं. तीनच वर्षांनी, १३२६ मध्ये, बसवकल्याणला दंगलीत बिघडलेल्या शिवमंदिरात पूजा पुन्हा सुरू करायला याच सुलतानाच्या अधिकाऱ्याने परवानगी दिली. त्याचा संस्कृत शिलालेख आहे. तो धर्मवेड्याच्या चौकटीत कसा बसवायचा ते तुम्ही ठरवा. मी त्याच्या गळ्यात सहिष्णुतेचा हार घालत नाही. हा माणूस आपल्या-परक्यांना सारख्याच थंडपणे कापायचा. हे कौतुक वाटत असेल तर तुमची वाचनाची सवय तपासा.

राहिली खलिफाची सनद. १२५८ मध्ये मोंगलांनी बगदादच्या खलिफाला मारलं, तरी दिल्लीच्या नाण्यांवर त्या मेलेल्या खलिफाचं नाव पुढे कित्येक वर्षं छापलं जात होतं. नाव कोणाचं हे महत्त्वाचं नव्हतं, नाव असणं महत्त्वाचं होतं. १३२९-३० ला तुघलकाने तांब्या-पितळेची नाणी काढली तेव्हा त्यांवर लिहिलं, ‘जो सुलतानाचं ऐकतो तो अल्लाचं ऐकतो’. लोकांनी घरोघरी नाणी पाडली, म्हणजे कोणी ऐकलं नाही. मग मदुरा गेलं, वारंगळ गेलं, बंगाल गेला, अवधला ऐनुल्मुल्क उठला. आणि नेमकं याच सुमारास, १३४०-४१ पासून, त्याचं स्वतःचं नाव नाण्यांवरून जाऊन तिथे कैरोच्या खलिफाचं आलं. घरातलं कोणी ऐकेना झालं की माणूस गावच्या पाटलाची चिठ्ठी आणतो, तसला हा प्रकार. १३४४ च्या सुमारास खलिफाचा वकील सनद आणि खिलत म्हणजे मानाचा पोशाख घेऊन आला तेव्हा सुलतान अनवाणी सामोरा गेला. अब्बासी घराण्यातला एक ग्यासुद्दीन दिल्लीत आला होता, त्याला म्हणाला, माझ्या मानेवर पाय ठेवा. हे नाटक प्रेक्षकांसाठी होतं. प्रेक्षक होते उलेमा आणि दख्खनेतले सादा अमीर, म्हणजे शंभरांवरचे सरदार. त्या अमिरांनी ते पाहिलं आणि १३४७ मध्ये दौलताबादलाच बहमनी राज्य उभं केलं.

शुक्रवारच्या नमाजेचा मुद्दा तुम्ही सगळ्यात जोर लावून मांडलात. लोकांना दाखवायचं नाटक असतं तर नमाज बंद ठेवून त्याने उलेमांना आणखी का चिडवलं, असं तुमचं म्हणणं. इतक्या वर्षांनी त्याला अचानक आपली सत्ता बेकायदा का वाटावी, हेही. बरनी म्हणतो, सुलतानाच्या मनाने घेतलं की खलिफाच्या परवानगीशिवाय राज्य करणं वैध नाही. तर घेतलं असेल. मनात काय घेतलं हे बरनीला किती कळलं असेल? सतरा वर्षं तो सुलतानाच्या बैठकीतला माणूस होता आणि पुस्तक लिहिलं सुलतान मेल्यावर, स्वतः दरबारातून बाहेर फेकला गेल्यावर. त्याची साक्ष मी जपून घेतो. तुम्हीही घ्या.

यावर आणखी लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण नावानिशी. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘पगारी’ हा शब्दसुद्धा तसाच ठेवलाय.